कोणत्या कुशीवर

आसेगावात एके काळी संघपालच्या पिंढऱ्यांचं कौतुक न केलेला माणूस शोधूनही सापडला नसता. पाच-सहा वर्षांचं पोरगं, पण पिंढऱ्या पाहाव्या तर पैलवानाच्या. गोल, टणक, गच्च भरलेल्या. पारावर बसलेली माणसं त्याला जवळ ओढायची, पिंढरी दाबून पाहायची आणि त्याच्या बापाला म्हणायची, "राजपाल, पोट्टं नाव काढते बरं तुहं! तालमीत घाल याले." राजपाल हा गावच्या शाळेत शिपाई. साधा माणूस, हरखून गेला. रोज सकाळी अंगणात तो पोराकडून उठाबशा काढून घ्यायचा आणि शेजारीपाजारी मोठ्यानं मोजायचे. पोरगंही हौशी. फक्त उठताना ते एक न्यारीच गंमत करायचं. आधी दोन्ही हात जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभं राहायचं. लोक पोट धरून हसायचे. हसणाऱ्यांना काय माहीत, बाप्पा!

त्याची मोठी बहीण धम्मदीपा तेवढी हसायची नाही. ती भावाच्या पायांकडे टक लावून पाहत बसायची. मांड्या दिवसेंदिवस काटकुळ्या होत होत्या आणि पिंढऱ्या मात्र फुगत होत्या. याच्या पायांत दुसरंच कोणीतरी वाढून राह्यलं, असं तिला वाटायचं. एकदा तिनं हे आईला बोलूनही दाखवलं. रुख्मिणीनं लेकीच्या पाठीत धपाटा घातला. "आपल्या घरात असं बोलत नाईत. भूत-बित काई नसते. शाळेत कायले जाते मंग तू?" बौद्धाचं घर ते. भुताखेतांना तिथे दारातसुद्धा उभं करत नसत.

भूत नव्हतंच. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते भुतापेक्षा वाईट होतं. मांसाच्या धाग्याला सावरून धरणारं एक प्रथिन या पोराच्या अंगात तयारच होत नाही, म्हणून हालचालीगणिक धागे फाटतात आणि फाटलेल्या जागी चरबी भरत जाते. लोक ताकद म्हणून दाबून पाहत होते ती चरबी होती. आणि व्यायाम? जितका व्यायाम, तितकी फाटाफूट. हे ऐकून राजपालनं डॉक्टरांसमोरच स्वतःच्या तोंडात मारून घेतली. तो माणूस पुढे सावरलाच नाही. रोज संध्याकाळी पोराच्या पिंढऱ्यांना तेल लावत बसायचा, आणि काही वर्षांत तसाच मुकाट्यानं वारला.

वर डॉक्टर असंही बोलून गेले, की हा दोष आईकडून मुलाकडे येतो. झालं! गावाला तेवढंच पुरलं. अहो, त्या बाईनं काय दोष पदराला बांधून आणला होता? तिला तरी कुठं ठाऊक होतं? पण लोकांच्या जिभेला हाड असतं होय! रुख्मिणीनं कोणाला उलटून उत्तर दिलं नाही. तिनं पोर कडेवर घेतलं आणि त्याला मिसरूड फुटलं तरी खाली ठेवलं नाही.

धम्मदीपा शास्त्रज्ञ कशी झाली, असं सत्कारात कोणी विचारलं तर ती चांगलं-चुंगलं काहीतरी सांगून मोकळी होते. खरी गोष्ट रविवारच्या मटणाची आहे. ताटातला तुकडा ती खायचीच नाही. बोटांनी त्याचा धागा धागा सोडवत बसायची, ओल्या धाग्यांच्या रांगा ताटाच्या काठावर लावायची आणि रस्सा गार होऊन जायचा. आईच्या शिव्या खायची, पण सोडायची नाही. भावाचा धागा नेमका कुठं फाटतो, ते तिला पाहायचं होतं.

त्या धाग्याच्या मागे ती वाशिमला कॉलेजात गेली, मग अमरावतीला गेली, मग पुण्यात मांसपेशींवर पीएचडी केली आणि मग परदेशात. तिकडे ती जे शिकली त्याला ऊती-अभियांत्रिकी म्हणतात. शब्द भारी आहे, काम ऐका. माणसाच्या अंगातल्या थोड्याशा पेशी घ्यायच्या, त्यांना खाऊपिऊ घालून वाढवायच्या आणि ताटलीत त्यांचा पुन्हा जिवंत मांसाचा धागा वळायचा. करंट दिला की तो धागा आखडतो, बंद केला की सैल पडतो. माणूस कुठल्या कुठं, आणि त्याचं मांस इथं काचेखाली कामाला लागलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा धम्मदीपा खुर्चीवरून उठून दाराशी जाऊन उभी राहिली होती.

परदेशी जाण्याआधी तिनं संघपालच्या मांडीतला मांसाचा छोटा तुकडा नागपूरच्या दवाखान्यात काढून घेतला होता. तो तेव्हा खाटेला खिळलेला, पण डोकं तेज आणि जीभ त्याहून तेज. "घे ना ताई," तो म्हणाला, "मले तसाबी तो कोन्त्या कामाचा? पन वापरून झाला का परत आनून दे बरं."

"देईन," ती हसून म्हणाली.

"माय साक्षीले हाय हं!"

आपल्या मांसाला चिकटून काही पेशी झोपलेल्या असतात. मांस फाटलं की त्या जाग्या होतात आणि दुरुस्तीला लागतात. संघपालच्या पेशी जन्मापासून दुरुस्ती करून करून थकल्या होत्या, थोड्याच उरल्या होत्या. धम्मदीपानं त्या वेगळ्या केल्या आणि छोट्या छोट्या नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवल्या. तिथली थंडी अशी, की पेशी मरत नाही आणि म्हातारीही होत नाही. आहे तिथे थांबते. मग ती विमानात बसली. संघपाल गेला तेव्हा ती समुद्रापलीकडे होती, आणि भर उन्हाळ्यात तिच्यासाठी माती खोळंबून ठेवता आली नाही. म्हणजे भावाला मेलेला तिनं पाहिलाच नाही. गावानं संघपालला मातीत दिलं. तिच्या लेखी तो नळीत होता, एकोणीस वर्षांचा, थांबलेला.

परत आल्यावर पुण्या-मुंबईत तिला कुठंही जागा मिळाली असती. ही बाई आली ती थेट मंगरूळपीरच्या रस्त्याला. एका संस्थेनं तिला बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची कचेरी दिली. तिथे फरशीच्या फटींतून अजून सरकी निघते. त्या कचेरीत तिनं प्रयोगशाळा मांडली. लोकांनी वेड्यात काढलं. पण मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून माणसं आपापली लेकरं घेऊन तिच्या दारात यायला लागली, आणि ती पिंढऱ्यांकडे एक नजर टाकून ओळखायला लागली. मी औषध देणारी डॉक्टर नव्हे, हे सांगताना तिचा जीव तुटायचा. रुपाबाई नावाच्या एका बाईनं तर तिला तोंडावर विचारलं, "मंग देनारी डाक्टर तुमी कवा होसान?" लेकाला पाठीवर बांधून आली होती ती.

पुढे काही वर्षं खपून तिनं एक औषध जुळवलं, फाटणाऱ्या धाग्याला सावरून धरेल असं. ते तपासायचं कशावर? संघपालच्या मांसावर. नळ्या एकेक करत संपल्या होत्या, कारण थकलेल्या पेशी दर वेळी कमीच वाढायच्या. शेवटची नळी तिनं या चैत्रात उघडली. ताटलीत मऊ सिलिकॉनच्या दोन खुंट्या, आणि त्यांच्यात ताणून बसवलेला भावाच्या मांसाचा धागा, भिजवलेल्या वातीएवढा. धागा आखडला की खुंट्या वाकतात, आणि किती वाकल्या त्यावरून ताकद कळते. शेजारच्या ताटलीत तुलनेसाठी तसाच दुसरा धागा, तिच्या स्वतःच्या मांडीतला. तिच्या अंगात तो दोष नव्हता. एकाच आईची दोन लेकरं, एकाच्या वाट्याला आलं आणि दुसऱ्याच्या नाही. वैशाखी पौर्णिमेपर्यंत औषध चालू ठेवायचं आणि धाग्याला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. धागा तुटला, तर पुन्हा करायला संघपाल उरलेला नव्हता.

तिच्या हाताखाली वर्षाराणी नावाची मुलगी होती. रोज कामरगावहून जीपनं यायची, दुपट्टा तोंडाला गुंडाळून. ताटल्यांना नावं ठेवायची तिला भारी हौस. संघपालच्या ताटलीवर नुसतं 'एसपी' लिहिलेलं होतं, म्हणून तो धागा एसपी साहेब, आणि शेजारचा धागा म्हणजे मॅडम. एका सकाळी ती ताटल्यांचं उबदार कपाट उघडून म्हणाली, "मॅडम गुमान पडल्या हायेत. एसपी साहेबाचं मात्र काई खरं नाई. न सांगता हलून राह्यले."

करंट दिल्याशिवाय धागा हलायला नको. संघपालचा हलत होता. आणि कसाही हलत नव्हता. टक-टक. मग थांबून, टक. पुन्हा टक-टक. पुन्हा थांबून, टक. आवाज कसला यायचा म्हणा! मायक्रोस्कोपला जोडलेल्या स्क्रीनवर खुंट्या वाकताना दिसायच्या तेवढंच. पण जरा वेळ पाहत बसलं की तो आवाज कानात यायचा, आणि एकदा आला की जेवताना, जीपमध्ये, कुठंही पाठ सोडायचा नाही. वर्षाराणीची थट्टा दोन-चार दिवसांत बंद पडली. ती त्या ताटलीकडे पाठ करून काम करायला लागली.

धम्मदीपा म्हणाली, आजारी मांसात कॅल्शियम गळतं, त्यानं होतं असं. तिच्या ओळखीच्या शास्त्रज्ञांनाही तिनं व्हिडिओ पाठवले, तेही म्हणाले कॅल्शियम. बरोबरच होतं त्यांचं. पण गळकी वस्तू अशी मध्येच थांबून, कोणी येतंय का ते ऐकल्यासारखी गळत नाही. तिनं रस्त्यावरच्या ट्रकांचे हादरे नकोत म्हणून कपाटाखाली फोम घातला. इन्व्हर्टर बंद करून पाहिला. एसी वाढवला, कारण बाहेर असा उन्हाळा तापला होता, की अंगाच्या उबेवर ठेवायचं कपाट उलट बाहेरपेक्षा थंड राखावं लागत होतं. कशाचाच उपयोग झाला नाही. टकटक वाढतच गेली, आणि घासून घासून धाग्याचं एक टोक विरायला लागलं. हे असंच चाललं तर पौर्णिमेआधी धागा आपला आपणच तुटणार होता. हात लावावा तरी भीती, न लावावा तरी भीती.

"मॅडम, घरी जाऊन निजा जराशा," वर्षाराणी म्हणायची. "तुमचे डोळे पाहा कसे झाले."

"पौर्णिमा होऊ दे," एवढंच ती म्हणायची आणि पुन्हा स्क्रीनसमोर बसायची.

त्याच दिवसांत संघपालच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन आलं. दरवर्षी त्या दिवशी आसेगावच्या घरी वंदना होते, खीर-पुरी होते, चार माणसं जेवतात. धम्मदीपानं फोन करून सांगितलं, "माय, या वर्सी जमत नाई." वंदना झाली, पंगत उठली, आणि भर दुपारी ही बाई डब्यात खीर भरून मिळेल त्या ऑटोनं मंगरूळपीरच्या रस्त्याला येऊन उतरली. लेकीच्या प्रयोगशाळेत तिनं त्या दिवसापर्यंत पाऊल टाकलं नव्हतं. लेकीनंच टाकू दिलं नव्हतं म्हणा ना. तुकडा केव्हाच तपासून झाला, असं तिनं आईला सांगून ठेवलं होतं.

"तू नाई आली, मंग मीच आली," दारात चपला काढत रुख्मिणी म्हणाली. "किती थंडगार करून ठेवलं वं हे. कोन राह्यते अशा गारठ्यात?"

कोणी उत्तर द्यायच्या आत तिची नजर स्क्रीनवर गेली. टक-टक. टक.

धम्मदीपा स्क्रीन बंद करायला उठली, पण रुख्मिणीनं हातानंच तिला थांबवलं. डबा टेबलावर ठेवला. मग तिनं आपल्या उजव्या हाताचं एक बोट टेबलाच्या कडेवर टेकवलं आणि वाजवलं. टक-टक. टक. स्क्रीनवरच्या खुंट्या त्याच वेळी वाकल्या. पुन्हा तिनं वाजवलं. पुन्हा त्याच वेळी. ती स्क्रीनकडे पाहतही नव्हती आता, डोळे मिटले होते, तरी एकदासुद्धा चुकली नाही. वर्षाराणी भिंतीला चिकटली.

"संघ्या हाय हा," रुख्मिणी म्हणाली.

"माय, तसं नसते ते. पेशी असतात नुसत्या. त्यांच्यात कॅल्शियम..."

"कवापासून मागून राह्यला तो?"

"काय मागून राह्यला?"

"कूस," रुख्मिणी म्हणाली. "तू गेली ना तिकडं, मंग त्याचा आवाज बसला. हाक मारता ये ना त्याले. बोटं तेवढी चालत. तं खाटेच्या पाटीवर ठोके. टक-टक, टक. मंजे माय, कूस बदलव. रोज ठोके, अन् मी रोज उठो. तुले कसं मालूम असन? तू नव्हती इथं."

धम्मदीपाला खरंच हे माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं.

"भूत-बित मी मानत नाई, तुले मालूम हाय," रुख्मिणी म्हणाली. "पन माह्या पोराचं ठोकनं मले कळत नाई काय? शेवटच्या राती डाव्या कुशीवर केला त्याले, तरी ठोकलं. उजव्या कुशीवर केला, तरी ठोकलं. पाठीवर टाकला, तरी ठोकलं. उजाडेपर्यंत पालटत होती मी. मंग थांबलं. मले वाटलं, निजला." तिनं पदर तोंडाला लावला. "त्याले कोन्ती कूस पायजे होती, ते मले आजवर कळलं नाई वं बाई. अन् तू म्हने परत आनून देईन. मी साक्षीले होती ना? तू त्याले इतकी वर्सं जागा ठेवला!"

आता धम्मदीपाला हुंदका आवरेना. पण तिनं आईचे दोन्ही हात धरून सगळं सांगितलं. शेवटची नळी, औषध, पौर्णिमा, रुपाबाई आणि तिच्या पाठीवरचं लेकरू. "हे मोडलं, तं त्या सगळ्या लेकरांचं मोडलं, माय. मी कसा हात लावू याले?"

रुख्मिणीनं ऐकून घेतलं. पाठीवरच्या लेकराचं ओझं किती असतं हे तिला सांगायची गरज नव्हती. "मोड म्हनत नाई मी," ती म्हणाली. "रुपाबाईच्या लेकरासाठी राहू दे त्याले पौर्निमेलोक. संघ्या नाई म्हनला नसता. पन असा ठोकत नोको ठेवू. पालट त्याले."

"कोन्त्या कुशीवर?"

रुख्मिणी बोटांवर मोजल्यासारखं पुटपुटली, "डावी झाली, उजवी झाली, पाठ झाली. पालथा... पालथा नाई केला त्याले. दम लागे त्याले, डाक्टरनं मना केलं होतं. लहानपनी पालथाच निजे तो, माह्या पोटावर." तिनं वर पाहिलं. "इथं दम लागत नाई ना त्याले?"

"नाई," धम्मदीपा म्हणाली. "इथं त्याले श्वास घ्यावा लागत नाई."



तिनं हातमोजे चढवले आणि ताटली काचेच्या पेटीत घेतली. वर्षाराणीनं दिवा धरला. एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेला धागा. चिमट्यात जरा जास्त दाबला गेला की संपलं. रुख्मिणी तिच्या मागे येऊन उभी राहिली, अगदी खांद्याला टेकून.

"एकदम नोको उचलू," ती म्हणाली. "आधी खांदा, मंग कंबर. अन् मधात हात राहू दे. लोंबू द्यायचं नाई, लोंबलं का दुखते त्याले."

धम्मदीपानं धाग्याच्या पोटाखाली काचेची पट्टी सरकवली. एक टोक खुंटीवरून सोडवलं, हळूच पालटलं, पुन्हा अडकवलं. मग दुसरं. विरलेलं टोक हेच होतं. टोक ताणलं, ताणलं आणि खुंटीवर बसलं. धागा पालथा झाला होता. तुटला नव्हता. तिनं ताटली मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि तिघी स्क्रीनकडे पाहत उभ्या राहिल्या.

टक-टक.

पुढची टक आलीच नाही. बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला, तरी आली नाही.

"गेले का?" वर्षाराणीनं कुजबुजत विचारलं.

धम्मदीपानं घाबरत घाबरत करंट दिला. खुंट्या वाकल्या, आणि अशा वाकल्या, की आजवर संघपालच्या कोणत्याच धाग्यानं त्या तशा वाकवल्या नव्हत्या. करंट बंद केला, धागा सैल पडला आणि तसाच पडून राहिला. तो जिवंत होता. औषध त्याला धरून ठेवत होतं, निदान आज तरी. धम्मदीपा एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. "माय, निजला वं तो," ती म्हणाली. "मेला नाई. निजला."

"पालथा पायजे होता त्याले," रुख्मिणी म्हणाली. पदरानं डोळे पुसत ती तेच तेच पुन्हा म्हणत राहिली. "एवढंच होतं वं. एवढंच." मग जरा वेळानं म्हणाली, "पौर्निमेचं काम झालं का घरी घेऊन ये त्याले." धम्मदीपानं मान हलवली. या वेळी ती हसली नाही.

रोजच्या रीतीनं वर्षाराणीनं दुसरी ताटली मायक्रोस्कोपखाली सरकवली. दोन्ही धाग्यांची नोंद एकदमच घ्यायची असते, म्हणून. आणि ती हात वर धरून तशीच थिजली.

"मॅडम," ती म्हणाली. आवाजात थट्टा औषधालाही नव्हती.

स्क्रीनवर खुंट्या वाकल्या. टक-टक. मग थांबून, टक.

"हे कोनाचं?" रुख्मिणीनं विचारलं.

धम्मदीपानं तारा तपासल्या. करंट बंद होता. फोम जागच्या जागी होता, रस्ता रिकामा होता. टक-टक. टक. जो धागा इतक्या दिवसांत आपणहून एकदाही हलला नव्हता, तो आता ठोकत होता, त्याच लयीत, मध्ये तसाच थांबून.

"माहं," ती म्हणाली. "पन हा कधीच हलला नाई, माय. याच्यात दोष नाई. याच्यात काईच दोष नाई!"

वर्षाराणी दाराकडे सरकली होती. रुख्मिणी मात्र घाबरली नाही. तिनं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग लेकीकडे, तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे, केसांत लवकर आलेल्या पांढऱ्याकडे, कितीतरी वेळ. मग तिनं खुर्चीवरचा वर्षाराणीचा दुपट्टा उचलला आणि फरशीवर अंथरला.

"ये," ती म्हणाली. "लोट इथं. आडवी पड."

"माय, मले काई झालं नाई."

"लोट म्हनलं ना!"

शास्त्रज्ञ बाई पांढरा कोट घातलेली तशीच फरशीवर आडवी झाली. "कवापासून निजली नाई वं तू?" रुख्मिणीनं विचारलं. धम्मदीपा आठवायला लागली. पौर्णिमेचं काम सुरू झालं तेव्हापासून म्हणावं, तर त्याच्या आधी तरी ती कुठं निजली होती? विमानात नाही, पुण्यात नाही. भाऊ अंगणात उठाबशा काढत होता आणि लोक हसत होते, त्या सकाळपर्यंत ती मागे गेली, आणि तिथेही तिला स्वतःचे टक्क उघडे डोळेच दिसले.

रुख्मिणीनं एक हात तिच्या खांद्याखाली घातला आणि एक कमरेखाली. आधी खांदा, मग कंबर. डावी कूस झाली. वर्षाराणीनं स्क्रीनकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही. उजवी कूस झाली. तरी नाही. तेव्हा रुख्मिणी भिंतीला टेकून पाय पसरून बसली, तिनं लेकीला हळूहळू ओढून आपल्या मांडीवर पालथं घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. लेक चाळिशीला आलेली, उंचीनं आईहून मोठी, मांडीवर मावत नव्हती. तरी ती हात फिरवत राहिली.

दुपार कलली. एसी घरघरत होता. टेबलावर खिरीचा डबा तसाच होता.

"मॅडम!" वर्षाराणी एकदम ओरडली. "मॅडम, थांबलं! पाहा, थांबलं!"

"हळू बोल वं बाई," रुख्मिणी म्हणाली. "दोघंबी आत्ताच निजले."